डोळस दया

कोल्हापूरहून बंगळूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, दूधगंगा नदीच्या अलीकडे, कागल हे गाव आहे. राजर्षी शाहू महाराज ज्या घाटगे घराण्यात जन्मले, त्या घराण्याचे हे गाव. येथून हुपरीच्या बाजूस कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांच्या भूमीवर एक विस्तीर्ण औद्योगिक वसाहत पसरली आहे. लोक तिला 'पंचतारांकित एमआयडीसी' या नावाने ओळखतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्या महामंडळाने राज्यात ज्या मोठ्या वसाहती उभारल्या, त्यांतील ही एक होय. येथे कोठे सूत कातले जाते, कोठे कापड विणले जाते, तर कोठे वितळलेले लोखंड साच्यांत ओतून यंत्रांचे भाग तयार केले जातात. आसपासच्या गावांतून माणसे पाळीपाळीने कामावर येतात आणि पाळी संपली की घरोघर परततात.

मात्र पाळी संपली तरी घरी न जाणारा एक रहिवासी अशा प्रत्येक वसाहतीत असतो. त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, आणि तरीही दिवसपाळी व रात्रपाळी या दोन्ही त्याला सारख्याच. हा रहिवासी म्हणजे भटके मांजर. उपाहारगृहाच्या मागील दारी, भंगाराच्या ढिगाआड, कापसाच्या गोदामात किंवा पहारेकऱ्याच्या चौकीखाली ते हमखास आढळते. त्याला कोणी बोलावलेले नसते. मग ते येथे येते कसे आणि राहते तरी कशाच्या आधारावर?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार मागे जावे लागेल. मनुष्य शेती करू लागला तेव्हा तो धान्य साठवू लागला. धान्याच्या कोठारात उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग रानमांजरे आली. कुत्र्याला माणसाने शिकारीसाठी जवळ केले, बैलाला त्याने जोखडाला जुंपले. मांजर मात्र आपल्याच सोयीने माणसाच्या दारी येऊन राहिले. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन संशोधकांना आढळले. त्याची हकीकत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या दफनात माणसाच्या शेजारी एक मांजर पुरलेले होते. त्या बेटावर मूळची रानमांजरे नव्हती. अर्थात कोणीतरी ते मांजर, किंवा त्याचे पूर्वज, होडीतून समुद्रापार नेले असले पाहिजेत. माणसाचा आणि मांजराचा स्नेह इतका जुना आहे.

कोठार गेले आणि कारखाना आला, तरी हा व्यवहार बदलला नाही. जेथे माणसे जेवतात तेथे खरकटे पडते. जेथे खरकटे पडते तेथे उंदीर व घुशी येतात. त्या विजेच्या तारा कुरतडतात, सुताची बाचकी फाडतात, पोती पोखरतात. मांजराला तेथे भक्ष्य मिळते, यंत्रांच्या उबेत निवारा मिळतो आणि भिंतीच्या फटीत पिलांसाठी जागा मिळते. रशियातील सेंट पीटर्सबर्ग या शहरी सम्राज्ञी एलिझाबेथ हिने १७४५ मध्ये फर्मान काढून कझान शहरातून मांजरे मागवली होती. कारण राजवाड्यात उंदीर फार झाले होते. दुसऱ्या महायुद्धात त्या शहराला १९४१ ते १९४४ पर्यंत वेढा पडला, तेव्हा भुकेच्या त्या भयानक दिवसांत शहरातील मांजरे जवळजवळ नाहीशी झाली. पुढे मांजरे पुन्हा आणावी लागली. तो राजवाडा आज हर्मिटेज या जगप्रसिद्ध संग्रहालयाचा भाग आहे. त्याच्या तळघरात अजूनही मांजरे राहतात आणि त्यांच्या अन्नाची व औषधपाण्याची व्यवस्था तेथील माणसे ठेवतात. काम करणाऱ्या मांजराची जबाबदारीही माणसाने घ्यावी, हा त्यामागील विचार आहे.

कारखान्यातील मांजराचे जीवन वरवर पाहता सुखाचे वाटते. दुपारी ते उन्हात अंग पसरून पडते, उपाहारगृहात माशाचा काटा मिळाला तर मिशा चाटते. पण ज्या उबेने त्याला येथे ओढून आणले, तीच ऊब पुष्कळदा त्याचा घात करते. थंडीच्या रात्री मालमोटारीचे इंजिन बराच वेळ गरम राहते. मांजर खालून आत शिरते आणि इंजिनाच्या बाजूस वेटोळे करून झोपते. पहाटे चालक गाडी सुरू करतो. त्याला आत कोणी आहे याची कल्पनाही नसते. इंजिन थंड ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये 'कूलंट' नावाचे द्रव्य घालतात. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल हा पदार्थ असतो. त्याची चव गोडसर लागते. परंतु तो जमिनीवर सांडला आणि मांजराच्या पोटात थोडासा जरी गेला, तरी त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. पावसाळ्याच्या तोंडावर कोरड्या गटारात जन्मलेली पिले पहिल्याच मोठ्या सरीत वाहून जातात.

आता थोडे गणित करून पाहू. मांजरी साधारणपणे पाच-सहा महिन्यांची झाली की विण्यायोग्य होते. तिचा गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो आणि एका वेळी तिला सरासरी चार पिले होतात. वर्षात ती दोनदा, कधी तीनदाही विते. आपण दोनदाच धरू. म्हणजे वर्षाला आठ पिले झाली. त्यांतील निम्म्या मांजरी मानू. एका मांजरीपासून आरंभ केला, तर पहिल्या वर्षाअखेर नऊ मांजरे होतील. त्यांत पाच मांजरी. दुसऱ्या वर्षी या पाच मांजरींना चाळीस पिले होतील, आणि एकूण संख्या ४९ होईल. तिसऱ्या वर्षी पंचवीस मांजरींना दोनशे पिले, म्हणजे एकूण २४९ मांजरे!

हे गणित कागदावर चुकलेले नाही. मग प्रत्येक कारखान्याच्या आवारात अडीचशे मांजरे का दिसत नाहीत? नेहमी पाच-दहाच का दिसतात? याचे उत्तर दुःखद आहे. जन्मलेल्या पिलांपैकी बहुसंख्य पिले मोठी होण्यापूर्वीच मरतात. काही उपासमारीने, काही संसर्गजन्य रोगांनी, काही कुत्र्यांच्या तोंडी सापडून, तर काही चाकांखाली सापडून. जी संख्या आपल्याला स्थिर दिसते, ती जन्म आणि मृत्यू यांच्या अखंड चाललेल्या देवघेवीतून स्थिर राहिलेली असते. मरण दृष्टीआड घडते, म्हणून त्याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

या दुःखावर माणसे सामान्यतः दोन उपाय करतात. पहिला उपाय निष्ठुर आहे. मांजरे फार झाली की ती पोत्यात भरावयाची आणि दूर कोठेतरी, नदीकाठी किंवा माळावर, सोडून यावयाची. याने आवार दोन दिवस मोकळे होते. पण उंदीर तेथेच असतात, खरकटे तेथेच पडते. रिकाम्या जागेत लवकरच शेजारच्या आवारातील मांजरे शिरतात आणि पुन्हा वितात. इकडे दूर सोडलेल्या मांजराला ना पाण्याची जागा ठाऊक असते, ना लपण्याची. ते परतीची वाट शोधत रस्त्यावर येते आणि बहुधा तेथेच संपते.

दुसरा उपाय प्रेमळ आहे; पण तो आंधळ्या प्रेमाचा आहे. समजा, शाळेतून परतणाऱ्या मुलांना कुंपणाजवळ एक इवलेसे पिलू एकटेच ओरडताना दिसले. मुलांचे मन कळवळते. ती पिलाला उचलून घरी नेतात, बशीत गाईचे दूध ओततात, सर्वांनी मिळून त्याला हाताळतात. दुसऱ्या दिवशी पिलाला हगवण लागते आणि तिसऱ्या दिवशी ते मान टाकते. मुले रडतात. त्यांना वाटते, पिलाचे नशीबच खोटे. परंतु खरी गोष्ट वेगळीच असण्याचा संभव असतो. मांजरी आपली पिले एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवते, तेव्हा ती एकेका पिलाला मानेच्या सैल कातडीला धरून नेते. एक पिलू नेऊन ती दुसऱ्यासाठी परत येते. कधी ती भक्ष्य शोधण्यासाठी काही तास दूर जाते. मुलांनी पिलाला उचलले तेव्हा त्याची आई कदाचित वीस पावलांवर, माणसे दूर होण्याची वाट पाहत, दबून बसलेली असेल. मुलांनी पोरके पिलू वाचवले नाही. त्यांनी पिलाला पोरके केले.

म्हणून दयेला डोळे हवेत. असे पिलू दिसले तर प्रथम दूर उभे राहून पाहावे. ते रस्त्याच्या मध्यावर किंवा वाहत्या पाण्यात असेल, तर त्याला अलगद बाजूच्या सुरक्षित जागी ठेवावे आणि काही तास आईची वाट पाहावी. पिलू गुबगुबीत, स्वच्छ आणि शांत झोपलेले असेल, तर त्याची आई त्याची काळजी घेत आहे असे समजावे. ते अस्वच्छ, थंड पडलेले व सतत ओरडणारे असेल आणि आई आलीच नाही, तरच त्याला हात घालावा. अशा वेळी पहिली गरज दुधाची नसते, उबेची असते. अगदी लहान पिलाला आपल्या शरीराची उष्णता राखता येत नाही आणि थंड पडलेल्या पिलाला पाजलेले दूध पचत नाही. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली त्याच्याजवळ ठेवावी आणि त्याला पशुवैद्याकडे न्यावे. गाईचे दूध त्याला सोसत नाही. त्याच्यासाठी वेगळे दूध मिळते. ते पाजताना पिलाला पालथेच ठेवावे. उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाते. माणसाची औषधे मांजराला कधीही देऊ नयेत. तापावर आपण जी पॅरासिटामॉलची गोळी घेतो, ती मांजराला विषासमान ठरते.

पण एखादे पिलू जगवल्याने मूळ गणित बदलत नाही. ते बदलावयाचे असेल, तर जन्मच मर्यादित झाले पाहिजेत. यासाठी जगात अनेक ठिकाणी एक पद्धत रूढ झाली आहे. मांजराला इजा न होईल अशा पिंजऱ्यात खाद्य ठेवून त्याला पकडतात. पकडताच पिंजऱ्यावर कापड टाकतात. अंधार झाला की घाबरलेले मांजर शांत होते. मग पशुवैद्य भूल देऊन त्याची नसबंदी करतात आणि पिसाळ रोगाची प्रतिबंधक लस टोचतात. भुलीतच एका कानाचे टोक किंचित कापतात. यामुळे या मांजरावर शस्त्रक्रिया झाली आहे हे पुढे दुरूनही ओळखता येते आणि त्याला पुन्हा पकडण्याचा त्रास वाचतो. जखम भरून आली की जेथून मांजर आणले, नेमके त्याच जागी त्याला सोडतात. ते आपली जागा राखते, उंदरांना धाकात ठेवते, आणि त्या जागी नवी पिले जन्मून मरत नाहीत. मुंबई महानगरपालिकेने २०१९ मध्ये भटक्या मांजरांच्या नसबंदीचे काम सुरू केले, ते याच विचाराने.

येथे कोणी विचारील, मांजराला परत का सोडावयाचे? त्याला घरात का ठेवू नये? याचे उत्तर मांजरामांजरांत असलेल्या भेदात आहे. काही मांजरे एके काळी माणसांत वाढलेली आणि नंतर टाकून दिलेली असतात. ती हाक मारताच जवळ येतात, पायाला अंग घासतात. अशांना घर मिळाले तर ती सुखी होतात. परंतु काही मांजरे जन्मापासून माणसाच्या स्पर्शाविना वाढतात. पिलाच्या आयुष्यातील दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ मोलाचा असतो. या काळात माणसाची ओळख झाली नाही, तर पुढे ते मांजर माणसाला शत्रूच मानते. अशा रानवट मांजराला घरात कोंडणे म्हणजे त्याला तुरुंगात ठेवणे होय. त्याच्यावरचे प्रेम दुरूनच करावे लागते.

मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळातच या विचाराचे एक सुंदर उदाहरण आढळते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी आहेत. त्यांतील एक अशी : पारध्यांनी व त्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत आला आणि स्वामींच्या मांडीखाली लपला. पारध्यांनी ससा मागितला, परंतु शरण आलेल्या जीवाला स्वामींनी त्यांच्या हाती दिले नाही. पारधी निघून गेल्यावर त्यांनी मांडी उचलली आणि सशाला जाण्यास सांगितले. ससा आपल्या वाटेने गेला. स्वामींनी त्याला वाचवले, पण आपल्यापाशी बांधून ठेवले नाही. जीवाला अभय द्यावे आणि त्याचे रान त्याला परत द्यावे, असा दुहेरी बोध या छोट्याशा प्रसंगात आहे.

आधुनिक काळात हीच भावना संस्थांच्या व कायद्यांच्या रूपाने प्रकट झाली. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. लोक त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. कारण त्या काळी शहराचे ओझे बैल आणि घोडे वाहत असत. आज त्याच रुग्णालयात कुत्र्यामांजरांवरही उपचार होतात. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारतात १९६० मध्ये झाला. १९७६ मध्ये झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात आली. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांतील एक आहे. म्हणजे भूतदया हा आता केवळ पुण्याचा विषय राहिलेला नाही. ते नागरिकाचे कर्तव्य ठरले आहे.

हे कर्तव्य कागलसारख्या वसाहतीत कसे पार पाडता येईल? त्यासाठी मोठा खर्च लागत नाही, नियमितपणा लागतो. उपाहारगृहाचे खरकटे उघड्यावर न टाकता झाकणाच्या पिंपात टाकावे. मांजरांना अन्न द्यावयाचे ते ठरावीक वेळी, ठरावीक जागी आणि रस्त्यापासून दूर द्यावे. उरलेले लगेच उचलावे, म्हणजे उंदीर व माश्या येणार नाहीत आणि सहकाऱ्यांची तक्रारही राहणार नाही. पाण्याचे भांडे रोज धुऊन भरावे. रोज एकाच वेळी खाणाऱ्या मांजरांची मोजदाद ठेवणे सोपे जाते. कोणते आजारी आहे, कोणाच्या कानाचे टोक कापलेले नाही, हे ध्यानी येते. मग पशुवैद्याच्या किंवा प्राणिमित्र संस्थेच्या साहाय्याने एकेक मांजर शस्त्रक्रियेस नेता येते. चालकाने गाडी सुरू करण्यापूर्वी इंजिनाच्या झाकणावर दोन थापा माराव्यात व क्षणभर थांबावे. सांडलेले कूलंट तत्काळ पुसून टाकावे. या साध्या सवयींनी किती तरी जीव वाचतात.

मुलांनीही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अनोळखी मांजराला, विशेषतः पिले जवळ असलेल्या मांजरीला, हात लावू नये. भ्यालेले मांजर चावते आणि ओरबाडते. पिसाळ रोग कुत्र्याप्रमाणे मांजराच्या चाव्यानेही होऊ शकतो. तो एकदा जडला की त्यातून रोगी सहसा वाचत नाही. म्हणून चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, घरी ताबडतोब सांगावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. या रोगावरील लस लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये प्रथम एका मुलाला टोचली. तेव्हापासून वेळेवर लस घेणाऱ्या असंख्य माणसांचे प्राण वाचले आहेत. शिक्षेच्या भीतीने जखम लपवणे हा मात्र जिवाशी खेळ आहे.

मांजर माणसाला आभार मानणार नाही. कानाचे टोक कापलेले रानवट मांजर आपल्याला पिंजऱ्यात घालणाऱ्या माणसाला पाहून जन्मभर दूर पळेल. पण पावसाळा येईल, गटारे वाहतील आणि त्या वर्षी त्यांत एकही पिलू वाहून जाणार नाही. ज्याने हे घडवून आणले, त्याला आणखी कोणत्या आभाराची गरज आहे?

स्वाध्याय

१. भटक्या मांजरांना कारखान्याच्या आवारात कोणकोणत्या गोष्टींमुळे आसरा मिळतो?
२. आवारातील मांजरांची संख्या वाढताना दिसत नाही, याचे कारण लेखात काय सांगितले आहे?
३. 'मुलांनी पोरके पिलू वाचवले नाही. त्यांनी पिलाला पोरके केले.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. श्रीचक्रधरस्वामी आणि ससा यांचा प्रसंग या पाठात कशासाठी दिला आहे?
५. मांजर चावल्यास क्रमाने काय काय करावे, ते लिहा.
६. तुमच्या गल्लीत किंवा शाळेजवळ राहणाऱ्या मांजरांचे आठवडाभर दुरून निरीक्षण करा आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.